प्रसादात साखर नसते

९ ऑक्टोबर, गुरुवार

रागिणी आज बाळंतपणाला आली. जावई गजेंद्र अकोल्याहून एसटीने अमरावतीला घेऊन आले. तिच्या सामानात कपड्यांपेक्षा दवाखान्याचे कागदच जास्त. शिवाय एक डबीएवढं यंत्र. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की अंगात साखर किती ते सांगतं. पोरीला म्हणे गरोदरपणाची साखर झाली आहे.

मी म्हटलं, "आपल्या घराण्यात कोनाले साखर नाई. आपल्याकडं साखर डब्यात राह्यते."

"आई, त्या पट्ट्या नीट ठेव. महाग आहेत."

महाग म्हटल्यावर मी त्या देवघराच्या कपाटात, चांदीच्या निरांजनाशेजारी ठेवल्या.

हे फुलांचं दुकान बंद करून घरी आले. लेकीकडे पाहून म्हणाले, "आली?" ती म्हणाली, "आली." बाप-लेकीचं बोलणं संपलं. यांचे सगळे शब्द गिऱ्हाइकांपाशी खर्च होतात, घरी शिल्लक राहत नाहीत.

गुरुवार म्हणून देवघरातल्या महाराजांच्या तसबिरीपुढे शिऱ्याचा नैवेद्य होता. रागिणीने आधी नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "प्रसाद आहे. प्रसादात साखर नसते, भाव असतो." मग तिने हात जोडले, डोळे मिटले आणि खाल्ला. पुन्हा डोळे मिटले आणि दुसऱ्यांदा घेतला. लग्नाआधी हिला आरतीला उठवायचं तर तोंडावर पाणी मारावं लागायचं. सासरी वळण चांगलं लागलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी उपाशीपोटी साखर बरीच चढलेली निघाली. काल रात्री भाजी-भाकरीशिवाय काही दिलं नव्हतं. कशाने चढली देव जाणे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रागिणीला राजापेठेतल्या नीलम मॅडमला दाखवलं. त्यांच्या जिन्याखाली शिकवणीच्या पोरांनी गाड्या अशा लावल्या आहेत, की आडवं होऊन जावं लागतं. पोटुशी बाई आडवी झाली की जास्तच जागा लागते, हे त्या पोरांना कोणत्या शिकवणीत शिकवणार?

मॅडम वयाने लहान आहेत, पण चौकशा सासूसारख्या करतात. मलाच विचारलं, "काकू, तुमची बाळंतपणं किती?"

"दोन. ही दुसरी."

"पहिलं?"

"मुलगा. चांदूर बाजारला, माहेरी. साडेचार किलोचा होता." हे मी जरा मान वर करूनच सांगितलं. एवढा गुटगुटीत मुलगा आमच्या आळीत दुसऱ्या कोणाला झाला नव्हता. "दिवस भरून वर दोन आठवडे गेले होते. माझी आई म्हणायची, मुरेल तितकं पक्कं होईल. पण पोटातच गेला. दृष्ट लागली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा तुमची शुगर कोणी तपासली होती?"

"माझी? मी तर एकादशी, चतुर्थी, गुरुवार सगळे उपास धरते."

"एकदा तपासून घ्या काकू."

दवाखान्यात हे असंच असतं. एकाला दाखवायला न्यावं, तर सोबत आलेल्यालाही रांगेत लावून घेतात. मी त्यांच्या टेबलावरचं दोन ग्लास पाणी प्याले आणि विषय संपवला.

शेवटी त्या म्हणाल्या, "रागिणीचं अडतिसाव्या आठवड्यात इंडक्शन करू या. तुमची हरकत नाही ना?"

मला बरं वाटलं. बाळंतिणीला शेक-शेगडी हवीच, आणि दवाखान्यात कोळसे कुठे पेटवणार? आता विजेच्या शेगडीवर शेक देत असतील. मी म्हटलं, "हरकत कसली! पन आमच्याकडं गॅस आहे."

"गॅस या दिवसांत सगळ्यांनाच होतो," मॅडम म्हणाल्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

विहीणबाईंना, केशरबाईंना, फोन केला. म्हटलं, दवाखान्यात इंडक्शन करणार आहेत.

"काहून? त्याइचं बिल आपल्या डोक्यावर मारतीन," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं गजेंद्राच्या लग्नातलं पडलं आहे, खोक्यातून काढलंसुदा नाई. तेच पाठवतो. सांगा त्या मॅडमले, आमचं घरचं इंडक्शन आहे म्हनून."

केशरबाईंचं आणि माझं सहसा जुळत नाही. पण वाचवायचं असलं की दोघी एकाच पोटच्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा शुक्रवार, पुन्हा साखर वर. सोमवार ते गुरुवार पोरगी ठीक असते. मी पंचांग काढलं. शुक्र हा गोडाचाच ग्रह. हे मॅडमना सांगायला हवं, त्यांच्या पुस्तकात नसणार.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. लक्ष्मीपुढचे अनारसे, पाडव्याचा नैवेद्य, भाऊबीजेचं ताट, आणि काल गुरुवार. सगळा प्रसादच. साखर अशी चढली की मॅडमनी रागिणीला इन्शुलिनची सुई लावली. रोज पोटात टोचायची. माझ्या देखत पोरीने स्वतःच टोचली. मी भिंतीकडे तोंड केलं.

मॅडमनी विचारलं, "नक्की खाता काय तुम्ही?"

मी शुक्राचं सांगणार, तेवढ्यात रागिणीच बोलली, "आई मला दर गुरुवारी शिरा देते. दोन वाट्या."

फितूर! दुसरी वाटी कोणी मागितली होती?

"तो प्रसाद आहे," मी म्हटलं. "त्याच्यात साखर नसते, भाव असतो."

"आई, मशीनले भाव दिसत नाई व. साखर तेवढी दिसते."

मॅडम खोकल्या. हसू दाबायला खोकल्या, हे मला कळलं. आता महाराजांपुढे शेंगदाणे ठेवणार आहे. महाराज काही बोलले नाहीत. यांचं तोंड मात्र उतरलं, कारण शिरा यांनाही बंद.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहिते.

गजेंद्र सकाळच्या गाडीने खोकं घेऊन आले. खोक्याला लग्नातली चमकीची दोरी अजून तशीच. म्हणाले, "मामी, आईनं इंडक्शन देल्लं. स्वयंपाकघरात कुठं ठेवू?"

"स्वयंपाकघरात कशाले? दवाखान्यात न्याचं आहे. मॅडम करनार आहेत ना."

रागिणी खोक्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. आणि पोट धरून एवढी हसली, एवढी हसली, की गजेंद्र घाबरले, इथेच होते की काय म्हणून.

मग तिने सांगितलं. इंडक्शन म्हणजे शेगडी नव्हे. आपोआप कळा यायची वाट न पाहता, औषध देऊन कळा आणायच्या. दिवस भरायच्या आधी!

मी खालीच बसले. पोट देवानं भरलं, रिकामं कधी करायचं तेही तोच ठरवेल ना? कच्ची संत्री झाडावरून कोणी ओढतं का? मी म्हटलं, "माह्यी संमती मी शेगडीले देली होती. परत घेतली."

केशरबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "म्हंजे लेकराले आवतन देऊन बोलवनार काय? माह्यी पाच झाली, एकालेही आवतन नाई देल्लं! थांबा म्हना. नाई आल्या कळा, तर नाई आल्या."

सासू आणि आई दोघी एका बाजूला, हे गजेंद्रांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं. ते खोक्यावर बसून राहिले.

रागिणी हसायची थांबली होती. म्हणाली, "आई, साखर जास्त असली, सुई चालू असली, की शेवटच्या दिवसांत पोटातलं लेकरू अचानक थांबू शकते. आज हालून राहिलं, उद्या नाई. म्हनून मॅडम वाट पाहत नाई."

"उगीच भेव दाखवतात. दिवस वर गेले की लेकरू पक्कं होते."

"मंग माहा दादा कुठं आहे?"

त्या पोराला या घरात कोणी कधी दादा म्हटलं नव्हतं. नावच नव्हतं त्याला. हे दारात चप्पल घालत होते, ते तसेच वाकलेले राहिले.

यावर मी भाकरी थापायला गेले. भाकरी करायच्या नव्हत्या, तरी थापल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

रात्रभर विचार केला. पोरीचं ऐकावं तर देवाच्या कामात हात. न ऐकावं तर... हे वाक्य मी पुरं करणार नाही. शेवटी ठरवलं, महाराजांनाच विचारायचं. दोन चिठ्ठ्या ठेवायच्या, एकीवर "थांबा", एकीवर "आणा". जी निघेल ती खरी. केशरबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "महाराजाच्या पुढं मी कोन?"

माझ्या हाताने कौल वळायला नको म्हणून चिठ्ठ्या यांना लिहायला दिल्या. यांनी दुकानाच्या कागदावर लिहिल्या, घड्या घातल्या, महाराजांच्या पायाशी टाकल्या आणि मोगऱ्याचे हार ओवायला गेले. मी डोळे मिटून एक उचलली.

"आणा."

रागिणीने मला मिठी मारली. मध्ये पोट असल्याने ती अर्धीच झाली. पोटातून मला एक लाथ बसली, चांगली सणसणीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज देवघर झाडताना पाटाखाली दुसरी चिठ्ठी सापडली. उघडून पाहिली, तर तिच्यावरही "आणा".

माझ्या अंगावर काटा आला. महाराजांनी "थांबा"चं "आणा" केलं! कोणी शंका घेऊ नये म्हणून दोन्हीकडून सांगितलं! यांना दाखवायला धावले. हे पाणी पीत होते, ठसकाच लागला. पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा म्हणाले, "महाराज आहेत ते. काई बी करू शकतात."

नास्तिकासारखे वागतात, पण आत श्रद्धा आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

केशरबाई अकोल्याहून मुक्कामाला आल्या. इंडक्शनचं खोकं कोपऱ्यात पाहून म्हणाल्या, "आता आनलं तर वापरा." मग पिशवीतून पंचांग काढलं. मॅडमनी बुधवारी भरती व्हायला सांगितलं आहे. बुधवारी सकाळीच अमावास्या लागते.

"अमावास्येले माह्या घरी लेकरू येनार नाई," केशरबाईंनी जाहीर केलं, जसं काही लेकरू त्यांच्याच गाडीने यायचं आहे.

मी म्हटलं, "पन गुरुवार आहे पुढं. महाराजाचा वार."

"वार आणि तिथी, दोन्ही पाहा लागते सुभद्राबाई."

रागिणीला घेऊन दोघी मॅडमकडे गेलो. त्यांनी पंचांग हातात घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं, आणि विचारलं, "अमावास्या सुटते कधी?"

"गुरुवारी दुपारी."

"मग काळजी सोडा. पहिलटकरीण आहे. बुधवारी सुरू केलं म्हणजे बाळ बुधवारी येतं असं नाही. औषध अमावास्येला, बाळ अमावास्येनंतर. चालेल?"

केशरबाईंनी विचार केला. "औषधाले तिथी लागत नाई," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पोट्टी हुशार आहे. आपल्या गजेंद्राच्या लग्नाआधी पाह्यली असती तर..." रागिणी जिना उतरत होती, तिने ऐकलं. "आत्या, मी इथंच आहे," म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस डायरी हातात धरता आली नाही. क्रमाने लिहिते.

बुधवारी सकाळी आत एक फुगा बसवला. वाढदिवसाचा नव्हे, गर्भाशयाचं तोंड उघडायला. मग औषध. रागिणी दिवसभर खाट आणि खिडकी अशा येरझारा घालत होती. कळ आली की गजेंद्रांचा हात धरायची. संध्याकाळपर्यंत हात त्यांचा सुजला.

गुरुवारी सकाळी सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. सिस्टर तासातासाला बोट टोचून साखर पाहायच्या. पोटाला पट्टा बांधला होता, त्यातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज यायचा. घोडा पळतो तसा. मी आणि केशरबाई बाकावर नामस्मरण करत होतो. घोडा जोरात, आम्ही हळू.

तेवढ्यात केशरबाई उठल्या. पोरीला गरम पाणी पाजायचं म्हणून त्यांनी घरून आणलेलं आपलं खोकं उघडलं, शेगडी भिंतीपाशी लावली, वर पातेलं ठेवलं. सिस्टर आल्या त्या ओरडतच, "इथे इंडक्शन कोणी लावलं?"

"तुमच्या मॅडमनंच लावलं," केशरबाई म्हणाल्या. "कालपासून लावून ठेवलं आहे, अजून काई होऊन नाई राहिलं."

सिस्टर तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरून आत पळाल्या. आतून हसण्याचा आवाज आला, त्यात रागिणीचाही होता. आणि तो हसण्याचा आवाज चालू असतानाच घोडा हळू झाला.

आधी मला वाटलं माझेच कान बंद झाले. टक... टक... टक... मधल्या जागा वाढत चालल्या. हसणं थांबलं. मॅडम धावत आल्या, "औषध बंद करा, डाव्या कुशीवर घ्या," म्हणाल्या, कोणीतरी ऑक्सिजनची नळी लावली. दार बंद झालं.

माझ्या पहिल्याच्या वेळी असं यंत्र नव्हतं. दाईने पोटावर कान ठेवला होता. बराच वेळ ठेवला होता. मग माझं लुगडं सारखं केलं होतं. मला वाटलं होतं, लेकरू झोपलं असेल.

केशरबाईंनी माझा हात धरला. नाव घ्यायचं विसरल्या होत्या. मीही विसरले. दोघी फक्त ऐकत होतो. दाराच्या फटीतून.

घोडा पुन्हा पळू लागला.

मी केशरबाईंना म्हटलं, "ऐकून राहिल्या?" त्या म्हणाल्या, "ऐकून राहिली." आणि भर दवाखान्यात बाई हुंदके देऊन रडल्या. पाच बाळंतपणं म्हणून मिरवणारी बाई!

अमावास्या सुटल्यावर, चांगली तीनच्या पुढे, मुलगी झाली. साडेतीन किलो. केशरबाईंनी आधी घड्याळ पाहिलं, मग नात पाहिली. म्हणाल्या, "शहानी आहे. थांबली बरोबर."

मग खरी गंमत. मुलीची टाच टोचली, तर तिची साखर कमी! नऊ महिने साखर जास्त म्हणून आम्हाला झापलं, आता कमी म्हणून घाई. मी पदरातून मधाची बाटली काढली. मॅडमनी ती काढूनच घेतली. "काही चाटवायचं नाही. आईचं दूध, आत्ताच्या आत्ता." रागिणीने छातीशी धरलं. तासाभराने पुन्हा टोचलं, तर साखर ठीक. फुकटात! मधाचे पैसे उगीच घातले.

हे दुकान बंद करून आले, भर गुरुवारी, जेव्हा हारांना सगळ्यात जास्त मागणी. मी घोड्याचं सगळं सांगितलं, तोवर यांनी नातीला हातात घेतलं. मला वाटलं आता तरी काही बोलतील. बराच वेळ तिच्या छातीला कान लावून उभे राहिले. मग म्हणाले, "पळून राहिला."

"काय पळून राहिलं?" गजेंद्रांनी विचारलं. यांनी नात माझ्याकडे दिली.

२७ नोव्हेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

बाळंतीण घरी आहे. तिची साखर आपोआप खाली आली. सुई बंद. मॅडम म्हणाल्या, दीड महिन्याने पुन्हा तपासा, पुढेही तपासत राहा.

देवीपुढे घट मांडला, महाराजांपुढे खीर. रागिणीला आता विचारून अर्धी वाटी चालते. कपाट आवरताना पट्ट्यांची डबी दिसली. बऱ्याच उरल्या आहेत, आणि डबी उघडली की पुढे त्या खराब होतात म्हणे. एवढ्या महागाच्या पट्ट्या फेकायच्या? माझा उपासच होता. मी स्वतःचंच बोट टोचलं.

दोनशे शहाऐंशी.

मी रागिणीला म्हटलं, "मशीन बिघडलं. दुकानदाराले परत देऊन येतो."

यांनी पुढे येऊन आपलं बोट दिलं. यांची अठ्ठ्याण्णव. "मशीन चांगलं आहे," हे म्हणाले.

रागिणीने मला साबणाने हात धुवायला लावले आणि पुन्हा टोचलं. दोनशे ब्याऐंशी. मी म्हटलं, "पाहा, उतरली." ती हसली नाही.

"आई, तू तांब्याच्या तांब्या पानी पेते. कधीपासून?"

"झाले दोन-तीन वर्षं. गरमी असते अमरावतीले."

"दादाच्या वेळीही लागे अशी तहान?"

लागायची. माठ उशाशी ठेवावा लागायचा. सगळ्या म्हणायच्या, लेकरू मोठं आहे, त्याला पाणी लागतं. मी हे सांगितलं आणि सांगता सांगता थांबले. रागिणी मुलीला मांडीवर घेऊन रडत होती. एका आकड्यात रडण्यासारखं काय आहे, हे मी तिला विचारणार होते. त्याऐवजी नातीला माझ्याकडे घेतलं.

उद्या नीलम मॅडमकडे माझा नंबर लावला आहे. त्यांनी पहिल्या मुलाचं वजन पुन्हा विचारलं, तर सांगेन. पण या वेळी मान वर करून नाही.

उपास सोडायला मी खिरीची वाटी उचलली. यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"प्रसाद आहे तो," मी म्हटलं. "प्रसादाले नाई म्हनू नये. महाराजाले काय वाटीन?"

"चालते महाराजाले," हे म्हणाले. "मी बोलून ठेवलं आहे."

आणि माझ्यापुढे शेंगदाण्यांची वाटी सरकवली. यांचं आणि महाराजांचं बोलणं कधी होतं, मला काही कळत नाही. पण महाराज यांच्या शब्दाबाहेर नाहीत, एवढं आता दोनदा पाहिलं.